हृदयाच्या झडपांचा जिवाणू संसर्ग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्राचं काम बघते. रक्ताच्या कल्चरचा, म्हणजे रक्तातले जिवाणू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट न्यायला आलेले नातेवाईक काउंटरवर थांबून जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. औषध कोणतं, किती आणि किती दिवस हे प्रत्येक रुग्णाचे डॉक्टरच ठरवतात. इथले आकडे आजार समजावा म्हणून दिलेत, स्वतःच्या मनाने औषध घेण्यासाठी नाहीत. एक गोष्ट मात्र ठासून सांगते : ज्याच्या झडपेत आधीपासून दोष आहे त्याला ताप आला, तर आधी रक्ताचं कल्चर आणि मग अँटिबायोटिक. हा क्रम उलटला की पुढचं सगळं अवघड होऊन बसतं.

झडपेला संसर्ग होतो म्हणजे नेमकं काय होतं?

हृदयात चार झडपा असतात : मायट्रल, एओर्टिक, ट्रायकस्पिड आणि पल्मनरी. रक्त एकाच दिशेने जावं हे त्यांचं काम. झडपेचं अस्तर गुळगुळीत असतं तोवर रक्तातले जिवाणू त्याला सहसा चिकटत नाहीत. ते खरवडलं गेलं, की तिथे प्लेटलेट आणि फायब्रिन (रक्त गोठवणारे धागे) यांचा बारीक थर बसतो आणि रक्तातून जाणारे जिवाणू त्यात अडकतात. मग ते वाढतात, त्यांच्यावर आणखी थर चढतो आणि झडपेवर एक लोंबता गोळा तयार होतो. इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टमध्ये त्याला ‘व्हेजिटेशन’ लिहिलेलं असतं. आजाराचं नाव इन्फेक्टिव्ह एन्डोकार्डायटिस.

यातून नुकसान दोन वाटांनी होतं. एक, झडप कुरतडली जाते, तिला भोक पडतं, ती गळायला लागते आणि हृदयावर ताण येऊन दम लागतो. दुसरी वाट जास्त भीतीची. गोळ्याचा तुकडा सुटतो आणि रक्ताबरोबर मेंदूत, पाणथरीत, किडनीत किंवा पायाच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकतो. तरण्याताठ्या माणसाला ताप असताना अचानक अर्धांगवायू झाला, तर हृदयाची झडप तपासलीच पाहिजे.

आजार दुर्मिळ आहे. जगभरात वर्षाला लाखामागे साधारण ३ ते १० जणांना होतो. पण उपचार नीट मिळूनही रुग्णालयातच दर पाच-सहा रुग्णांपैकी एक जण दगावतो, म्हणून तो हलक्यात घ्यायचा नाही.

कुणाला जास्त धोका असतो?

कृत्रिम झडप बसवलेल्यांना, हा आजार आधी एकदा होऊन गेलेल्यांना आणि काही जन्मजात हृदयदोष असलेल्यांना सर्वाधिक. आपल्याकडे घशाच्या संसर्गानंतर होणाऱ्या रुमॅटिक आजाराने खराब झालेल्या झडपा अजूनही खूप दिसतात, तेही धोक्यातच. शिवाय डायलिसिसवर असलेले, पेसमेकर बसवलेले, बरेच दिवस मोठ्या शिरेत नळी असलेले, आणि शिरेतून नशेची इंजेक्शनं घेणारे. निरोगी माणसाच्या रक्तातही दात घासताना, घास चावताना थोडे जिवाणू शिरतात, पण शरीर त्यांचा लगेच बंदोबस्त करतं.

कोणते जिवाणू हा आजार करतात?

तोंडातले, कातडीवरचे आणि आतड्यातले, असे तीन मोठे गट धरले तर बहुतेक रुग्ण त्यात येतात.

तोंडातले म्हणजे व्हिरिडन्स गटाचे स्ट्रेप्टोकोकस. दाताच्या किटणात आणि हिरड्यांच्या कडेला ते कायमचे वस्तीला असतात आणि तिथे निरुपद्रवी असतात. प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायच्या प्लेटमधल्या रक्त मिसळलेल्या जेलीवर (ब्लड अगरवर) त्यांच्या वसाहतींभोवती हिरवट कडा उमटते आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते साखळीने दिसतात. हे आधीच खराब असलेल्या झडपेवर बसतात आणि सावकाश काम करतात. रुग्ण महिना-दीड महिना ‘अंगात कणकण आहे’ म्हणत हिंडत-फिरत असतो.

कातडीवरच्यांमधला स्टॅफिलोकोकस ऑरियस अगदी वेगळ्या स्वभावाचा. तो धडधाकट झडपही सोडत नाही आणि आठवडाभरात ती फाडून टाकतो. गळू, केसतोड, डायबेटिसच्या पायाची जखम, सलाईनची लाल झालेली जागा, डायलिसिसची नळी, अशा वाटांनी तो रक्तात येतो. हा जिवाणू रक्तात सापडला, की मी रिपोर्ट छापून होण्याची वाट बघत नाही, आधी वॉर्डात फोन करते. त्याचाच सौम्य भाऊबंद स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस बऱ्याचदा सुई टोचताना कातडीवरून बाटलीत येतो आणि एकाच बाटलीत दिसला तर आम्ही त्याला फारसं महत्त्व देत नाही. कृत्रिम झडप असलेल्या माणसाच्या दोन-तीन बाटल्यांत तोच उगवला, तर मात्र तोच खरा गुन्हेगार असू शकतो.

आतड्यातला एन्टरोकोकस फीकॅलिस वयस्कर लोकांत जास्त, लघवीच्या मार्गाच्या तक्रारी किंवा तिथल्या तपासण्यांनंतर दिसतो. आणखी एक ध्यानात ठेवण्यासारखा म्हणजे स्ट्रेप्टोकोकस गॅलोलिटिकस. तो झडपेवर सापडला तर मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी करावी लागते, कारण त्याचा आतड्याच्या कर्करोगाशी आणि गाठींशी संबंध आहे. नातेवाईकांना वाटतं, आजार हृदयाचा आणि दुर्बीण आतड्यात कशाला? पण त्या तपासणीने कर्करोग लवकर हाती लागू शकतो, म्हणून ती टाळू नका.

थोड्या रुग्णांत ‘हासेक’ नावाने ओळखला जाणारा, तोंडात राहणाऱ्या पाच जिवाणूंचा गट सापडतो, तर क्वचित कँडिडासारखी बुरशी.

गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पितो. त्यातून झडपेला काही होतं का?

क्वचित, पण होऊ शकतं. ब्रुसेला नावाचा जिवाणू जनावरांत असतो आणि कच्च्या दुधातून माणसात येतो. त्यातून आठवडेच्या आठवडे चढउतार होणारा ताप, कंबरदुखी, सांधेदुखी होते. झडपेपर्यंत तो फार थोड्या लोकांत पोचतो, मात्र ब्रुसेलामुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये मोठा वाटा या झडपेच्या संसर्गाचाच असतो. धारोष्ण दुधाची परंपरा कोल्हापूरची, तालमींची, आणि तिच्याबद्दलचा जिव्हाळा मलाही आहे. तरी ज्यांच्या झडपेत दोष आहे त्यांनी दूध उकळूनच प्यावं, असं मी स्पष्ट सांगेन. उकळलेल्या किंवा पिशवीतल्या पाश्चराइज्ड दुधात हा धोका नाही.

दुधापेक्षाही मोठी जोखीम गोठ्यात असते. म्हैस गाभडली किंवा व्याली की वार, गर्भजल उघड्या हातांनी हाताळलं जातं, आणि हातावर चीर असेल तर जिवाणू तिथूनच आत जातो. हातमोजे घाला, साबणाने हात धुवा. गाई-म्हशींच्या ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलाची लस सरकारी कार्यक्रमातून एकदाच दिली जाते, ती चुकवू नका. शेळ्या-मेंढ्यांच्या वारेतून पसरणारा कॉक्सिएला नावाचा जिवाणूही झडपेवर बसू शकतो. त्यामुळे धनगर कुटुंबातल्या रुग्णाने हा व्यवसाय डॉक्टरांना आवर्जून सांगावा.

आणि प्रयोगशाळेलाही सांगा. ब्रुसेला प्लेटवर उगवला तर तिथे काम करणाऱ्यांना श्वासावाटे लागण होऊ शकते. घरी जनावरं आहेत, कच्चं दूध पिण्यात आहे, एवढी एक ओळ अर्जावर असली की आम्ही तो नमुना बंद कॅबिनेटमध्येच उघडतो.

पोरगा तालमीत आहे. त्याला सारखे केसतोड येतात. काळजी करावी का?

झडप निरोगी असेल तर घाबरू नका, पण फोड पिळू नका आणि दुसऱ्याचा टॉवेल, लंगोट वापरू देऊ नका. फोडासोबत थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

साधा ताप, टायफॉईड आणि हा ताप, फरक कसा ओळखायचा?

घरी बसून ओळखता येत नाही. अडचण इथेच आहे. संध्याकाळी कणकण, रात्री घाम, भूक मेलेली, वजन उतरलेलं, कंबर आणि सांधे दुखणं : हे टीबीत होतं, टायफॉईडमध्ये होतं आणि यातही होतं. मग टायफॉईडसाठीची विडाल ही रक्ततपासणी केली जाते, ती थोडी वर आलेली दिसते, टायफॉईड म्हणून पाच-सात दिवस इंजेक्शनं दिली जातात. ताप उतरतो आणि दहा-बारा दिवसांनी परत येतो. असा परत परत येणारा ताप हीच मोठी खूण आहे. विडालच्या एका रिपोर्टवर भरवसा ठेवू नये, असं माझं स्वच्छ मत आहे.

काही खुणा अंगावर दिसतात. नखांखाली बारीक उभ्या तांबूस रेघा, बोटांच्या टोकांवर दुखऱ्या बारीक गाठी, तळहात-तळपायांवर न दुखणारे लाल डाग. विल्यम ऑस्लर यांनी १८८५ मध्ये लंडनला या आजारावर दिलेली व्याख्यानं प्रसिद्ध आहेत आणि बोटांवरच्या त्या दुखऱ्या गाठी आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. मात्र या खुणा थोड्याच रुग्णांत असतात. त्या दिसल्या नाहीत म्हणून आजार नाही, असं होत नाही.

झडपेचा दोष माहीत असलेल्या माणसाने दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य हेच बोलावं : ‘माझ्या झडपेत दोष आहे.’ नुसतं ‘ताप आलाय’ म्हणू नये.

तीन-तीन वेळा रक्त कशाला घेता? पेशंट आधीच अशक्त झालाय.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि नाराजीने येतो. प्रौढ माणसात एका वेळी दोन बाटल्या, प्रत्येकीत ८ ते १० मिली, आणि असे तीन वेळा वेगवेगळ्या जागेवरून. एकूण ६० मिलीच्या आत. रक्तदानात ३५० मिली देतात, त्यावरून अंदाज करा.

एवढं लागतं कारण या आजारात एक मिली रक्तात जिवाणू फार थोडे असतात. कमी रक्त घेतलं तर ते निसटतात. तीन वेळा घेतल्याने दोन गोष्टी कळतात. तोच जिवाणू सगळ्या बाटल्यांत असेल तर तो कातडीवरून चुकून आलेला नाही, आणि पहिल्या व शेवटच्या नमुन्यात किमान तासाचं अंतर ठेवलं तर तो सतत रक्तात आहे हेही सिद्ध होतं. झडपेच्या संसर्गात जिवाणू सतत रक्तात असतात, म्हणून ताप चढण्याची वाट बघत बसायचं कारण नाही.

रक्त घेण्याची पद्धतही महत्त्वाची. जंतुनाशकाने कातडी पुसायची, ती पूर्ण वाळू द्यायची आणि मग त्या जागेला परत बोट लावायचं नाही. बाटलीचं रबरी बूचही पुसायचं. नमुना फ्रीजमध्ये ठेवायचा नाही. बाटली आमच्याकडे मशिनमध्ये जाते, ३५ ते ३७ अंशांवर राहते. जिवाणू वाढून कार्बन डायऑक्साइड सोडायला लागले की बाटलीच्या तळाशी असलेली हिरवट-निळी चकती पिवळी पडते आणि मशिन सूचना देतं. स्टॅफिलोकोकस बहुधा पहिल्या दिवशीच कळतो. काही उगवलं नाही तरी बाटली पाच दिवस ठेवतात. ‘रिपोर्ट आजच द्या’ म्हणून कुणी कितीही घाई केली तरी हा काळ कमी होत नाही.

रिपोर्टमध्ये ‘नो ग्रोथ’ आलंय. म्हणजे सुटलो ना?

नाही. कल्चर कोरं येण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे रक्त घेण्याआधीच सुरू झालेलं अँटिबायोटिक. दोन-चार गोळ्या किंवा एखादं इंजेक्शन रक्तातल्या जिवाणूंना दाबून ठेवायला पुरतं, पण झडपेवरचे तसेच राहतात. मग डॉक्टरांना अंदाजाने दोन-तीन औषधं एकत्र द्यावी लागतात, खर्च वाढतो, किडनीवर ताण येतो. मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या गोळ्यांची ही किंमत आहे. काय घेतलं ते लपवू नका, गोळ्यांची रिकामी पट्टी घेऊन या.

कॉक्सिएला आणि बार्टोनेला हे जिवाणू नेहमीच्या बाटलीत उगवतच नाहीत. त्यांच्यासाठी रक्तातल्या अँटिबॉडींची वेगळी तपासणी लागते. शस्त्रक्रियेत काढलेल्या झडपेचा तुकडा मिळाला तर त्यावर पीसीआर, म्हणजे जिवाणूचा डीएनए शोधणारी तपासणी, करता येते. तो तुकडा कल्चरसाठी निर्जंतुक डबीत, फॉर्मॅलिन न घालता पाठवायला हवा. फॉर्मॅलिनमध्ये टाकला की जिवाणू मरतात.

टू डी इको नॉर्मल आहे, तरी घशातून नळी घालून परत इको का?

छातीवरून केलेल्या इकोत छोटा गोळा निसटू शकतो, आणि कृत्रिम झडप असेल तर तिच्या सावलीमुळे दिसणं आणखी अवघड. अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागे असते, तिथून चित्र कितीतरी स्पष्ट येतं. संशय पक्का असेल तर पाच-सात दिवसांनी हा इको परतही करतात.

उपचारात कोणती औषधं असतात?

१९४० च्या दशकात पेनिसिलिन येईपर्यंत या आजारातून जवळजवळ कुणीच वाचत नसे. आजही तोंडातल्या स्ट्रेप्टोकोकसवर पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रियाक्झोन शिरेतून साधारण चार आठवडे देतात आणि ते उत्तम काम करतं. स्टॅफिलोकोकस ऑरियस साध्या औषधांना दाद देणारा असेल तर सेफाझोलिन किंवा फ्लुक्लोक्सासिलिन, चार ते सहा आठवडे. तो एमआरएसए, म्हणजे या साध्या औषधांना दाद न देणारा, निघाला तर व्हँकोमायसिन किंवा डॅप्टोमायसिन. इथे नवं, महागडं औषध म्हणजे भारी, असा समज चुकीचा आहे. साध्या स्टॅफिलोकोकसवर सेफाझोलिन हे व्हँकोमायसिनपेक्षा सरस ठरतं.

एन्टरोकोकसवर सेफ्ट्रियाक्झोन एकटं काहीच करत नाही, पण अँपिसिलिनच्या जोडीला दिलं तर दोन्ही मिळून त्याला मारतात. ही जोडी सहा आठवडे चालते. वर सांगितलेल्या तापात आपल्याकडे सरसकट सेफ्ट्रियाक्झोन दिलं जातं, ते या जिवाणूला लागूही पडत नाही आणि निदानही मागे ढकलतं.

कृत्रिम झडपेवर स्टॅफिलोकोकस असेल तर जोडीला रिफॅम्पिसिन आणि सुरुवातीला जेंटामायसिन येतं. रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते, घाबरू नका. पण ते रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा परिणाम कमी करतं, त्यामुळे पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते, वारंवार तपासावं लागतं. जेंटामायसिन सुरू असताना कानात आवाज, ऐकू कमी येणं, तोल जाणं यातलं काही जाणवलं तर लगेच सांगा. ब्रुसेलावर डॉक्सिसायक्लिन, रिफॅम्पिसिन वगैरे तीन महिने किंवा जास्त, आणि कॉक्सिएलावर डॉक्सिसायक्लिन व हायड्रॉक्सिक्लोरोक्विन किमान दीड वर्ष.

मॅडम, ताप तर चार दिवसांत उतरला. मग एवढे आठवडे सलाईन कशाला?

झडपेवरच्या त्या गोळ्यात रक्तवाहिन्या नसतात. औषध बाहेरून झिरपत आत जातं, पांढऱ्या पेशी तर आत पोचतच नाहीत. आतले जिवाणू दाटीवाटीने, जवळजवळ झोपलेल्या अवस्थेत असतात, आणि बरीच औषधं वाढत्या जिवाणूंवरच जोरात चालतात. भांड्याच्या कडेला चिकटलेलं चमचाभर विरजणही नव्या दुधाचं दही लावतं, तसंच इथे थोडे जिवाणू मागे राहिले तरी आजार पुन्हा उभा राहतो.

सलाईनऐवजी तोंडाने घ्यायच्या गोळ्या चालतील का, हेही विचारलं जातं. डेन्मार्कमध्ये डाव्या बाजूच्या झडपेचा संसर्ग असलेल्या ४०० रुग्णांवर अभ्यास झाला आणि २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. किमान दहा दिवस शिरेतून औषध घेऊन स्थिर झालेल्यांना पुढे गोळ्या दिल्या, तरी निकाल वाईट आला नाही. पण त्या गोळ्या जिवाणूची नेमकी संवेदनशीलता बघून, दोन-दोन औषधं मिळून दिल्या होत्या आणि रुग्ण वारंवार तपासले जात होते. डॉक्टरांनी सुचवलं तर जरूर विचार करा, स्वतःहून सलाईन सोडून गोळ्या मागू नका.

आम्ही चंदगडचे. उरलेली इंजेक्शनं गावात घेतली तर चालतील?

पहिले दोन आठवडे धोक्याचे. तुकडा सुटण्याची भीती तेव्हाच जास्त असते, त्यामुळे तोवर रुग्णालय सोडू नये. नंतर ताप नाही, कल्चर कोरं आलंय, इको स्थिर आहे, असं असेल तर दिवसातून एकदा घ्यायचं इंजेक्शन जवळच्या ग्रामीण रुग्णालयात घेण्याची परवानगी डॉक्टर देऊ शकतात. दर आठवड्याला रक्ततपासणी आणि डॉक्टरांची भेट ठरलेली हवी. दम लागला, हातपाय लुळे पडले, बोलणं अडखळलं तर रात्र असली तरी निघायचं.

शस्त्रक्रिया टाळता येणार नाही का?

जवळपास निम्म्या रुग्णांना कधी ना कधी ती लागते. झडप गळून हृदय थकलं, औषध असूनही संसर्ग आटोक्यात येत नाही किंवा झडपेच्या बुडाशी पू झाला, किंवा गोळा १० मिलिमीटरहून मोठा आहे आणि त्यातून तुकडे सुटतायत, ही तीन मुख्य कारणं. ‘आधी सहा आठवड्यांचं औषध पुरं करू, मग बघू’ असं म्हणून थांबल्यामुळे नुकसान होतं. हृदय थकत चाललं असेल तर संसर्ग चालू असतानाच ऑपरेशन करावं लागतं. म्हणून निदान झाल्या झाल्या हृदयाच्या शल्यचिकित्सकांचं मत घ्या. झडप बदलण्याची शस्त्रक्रिया महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते. कोल्हापूरच्या सरकारी सीपीआर रुग्णालयात किंवा योजनेतल्या कुठल्याही रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांच्याकडे रेशन कार्ड आणि आधार घेऊन पहिल्या दिवशीच चौकशी करा.

मुलीला रुमॅटिकसाठी दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू आहे. मग तिला हा संसर्ग होणार नाही ना?

होऊ शकतो. ते इंजेक्शन घशातल्या वेगळ्या स्ट्रेप्टोकोकसला रोखतं, म्हणजे रुमॅटिक ताप परत येऊन झडप आणखी बिघडू नये म्हणून. ते अजिबात चुकवू नका. झडपेवर बसणाऱ्या तोंडातल्या जिवाणूंपासून मात्र ते वाचवत नाही. उलट नेहमी पेनिसिलिन घेणाऱ्यांच्या तोंडात त्याला दाद न देणारे जिवाणू असू शकतात, त्यामुळे दाताच्या कामाआधी औषध द्यायचं ठरलंच तर वेगळ्या गटातलं निवडतात. दंतवैद्याला हे इंजेक्शन चालू असल्याचं सांगा.

दात काढायचा आहे. आधी अँटिबायोटिक घ्यावं का?

कृत्रिम झडप, आधी होऊन गेलेला झडपेचा संसर्ग किंवा काही विशिष्ट जन्मजात दोष असेल तर हो. नेहमीचा डोस म्हणजे अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, कामाआधी अर्धा ते एक तास, एकदाच. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर दुसरं औषध आहे. २००७ पासून ही शिफारस सर्वाधिक धोक्याच्या रुग्णांपुरतीच ठेवली गेली. रुमॅटिक झडपेसाठी काय करायचं ते तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारून ठेवा.

त्या एका डोसपेक्षा रोजचं तोंड जास्त महत्त्वाचं आहे. आपल्याकडे कितीतरी बायका अजून मिश्री लावतात. त्यात भाजलेली तंबाखू असते, हिरड्या खराब होतात आणि तलफ लागते ती वेगळीच. झडपेचा आजार असलेल्या माउलीची मिश्री सुटावी म्हणून घरच्यांनी मागे लागावं, रागावून नव्हे, समजावून. दोन वेळा ब्रश, वर्षातून दोनदा दंतवैद्य. झडप बदलायची ठरली असेल तर किडलेले दात आधी बघून घ्यावेत.

हा आजार घरातल्यांना लागतो का?

नाही. ताट-वाटी वेगळी ठेवू नका.

बरं झाल्यावर काय सांभाळायचं?

एकदा होऊन गेलेला माणूस कायमचा सर्वाधिक धोक्याच्या गटात जातो. ताप आला तर कल्चर घेतल्याशिवाय अँटिबायोटिक नाही. ठरलेले इको चुकवायचे नाहीत. टॅटू, कान-नाक टोचणं टाळावं. कल्चरचा रिपोर्ट, जिवाणूचं नाव आणि कोणत्या औषधाला तो दाद देतो याच्या कागदासकट, लॅमिनेट करून फाईलच्या पहिल्या पानाला लावा आणि मोबाईलमध्ये त्याचा फोटो ठेवा. सहा महिन्यांत तोच जिवाणू परत सापडला तर पहिला संसर्ग पुरता गेला नव्हता असं धरतात, आणि वेगळा जिवाणू असेल तर नवा संसर्ग. दोन्हीचे उपचार वेगळे असल्यामुळे जुना कागद हाताशी असला की डॉक्टरांना पहिल्याच दिवशी योग्य औषध निवडता येतं.